मूळ राखा, फळ वाटा

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा आमच्या वाडीचा सातबारा काढला. आजोबांच्या हयातीत त्यावर एकच नाव होते. आज सत्तावीस आहेत. त्यातली काही माणसे मुंब्र्याला, काही कुवेतला, एक शाखा थेट केपटाऊनला. चार-पाच जणांना तर मी कधी पाहिलेलेही नाही. जमीन मात्र तेवढीच, पाच एकर. वर कातळ, मध्ये आंब्याची कलमे, खाली माड आणि माडांच्या पायथ्याशी बारमाही झरा. मे महिन्यात विहिरी आटल्या की निम्मा मोहल्ला त्या झऱ्यावर पाणी भरतो. आजोबांनी कधी कुणाला अडवले नाही.

आता कातळावर चिरेखाण काढायची म्हणून एक दलाल घरोघर फोन करतो आहे. चुलतभावांचे म्हणणे सरळ आहे : विकून टाकू, शरियतप्रमाणे हिस्से करू आणि मोकळे होऊ. त्यांचे म्हणणे चूक नाही. वारसांना हिस्सा देणे आपल्यावर फर्जच आहे. पण मला राहून राहून एकच प्रश्न पडतो. जमिनीचे वारस सत्तावीस. त्या झऱ्याचे वारस किती? खाण लागली की कातळात मुरणारे पाणी जाईल, पाण्यामागे माड जातील. मिळालेला पैसा सत्तावीस ठिकाणी वाटला जाईल आणि दोन-तीन वर्षांत कुणाच्या लग्नात, कुणाच्या फ्लॅटच्या हप्त्यात विरून जाईल. मग आजोबांचे म्हणून काय उरेल?

हा प्रश्न घेऊन मी वक्फच्या इतिहासाकडे वळलो. आणि लक्षात आले की हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता, उत्तरही तेव्हाच मिळाले होते. आपण ते विसरलो, एवढेच.

खैबरची जमीन

वक्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मशीद, कबरस्तान, दर्गा, फार तर मदरसा येतो. अलीकडे तर वर्तमानपत्रातला वादच आधी आठवतो. पण फुकहांनी ज्या प्रसंगाला वक्फच्या कायद्याचा पाया मानले, तो प्रसंग मशिदीचा नाही. तो एका शेतजमिनीचा आणि खजुरीच्या बागेचा आहे.

हिजरी सन ७ मध्ये, म्हणजे इ.स. ६२८ मध्ये, खैबर मुसलमानांच्या ताब्यात आले आणि तिथल्या जमिनीचा एक वाटा हजरत उमर (र.) यांना मिळाला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत पुढची हकीकत आहे. उमर प्रेषितांकडे (स.) गेले आणि म्हणाले की इतकी चांगली मालमत्ता मला आजवर मिळाली नव्हती, हिचे काय करू? प्रेषितांनी (स.) सल्ला दिला, त्याचा आशय असा : मनात असेल तर मूळ जमीन रोखून ठेव आणि तिचे उत्पन्न सदका कर.

'वक्फ' या शब्दाचा मूळ अर्थच रोखणे, थांबवणे. 'हब्स' हा जुना शब्दही त्याच अर्थाचा. म्हणजे जमीन आहे तिथे आणि आहे तशी थांबवायची. ती बाजारात जाणार नाही, वारसांत फुटणार नाही. वाटायचे ते तिचे फळ. हजरत उमर यांनी तीन अटी घातल्या : ही जमीन विकली जाणार नाही, बक्षीस दिली जाणार नाही, वारशात वाटली जाणार नाही. उत्पन्न कुणासाठी? गरिबांसाठी, नातलगांसाठी, गुलामांच्या मुक्ततेसाठी, अल्लाहच्या मार्गात, वाटसरूंसाठी आणि पाहुण्यांसाठी. जो देखभाल करील त्याने रीतसर त्यातून खावे, मित्रालाही खाऊ घालावे, पण त्यातून धन साठवू नये. आपण ज्याला मुतवल्ली म्हणतो त्याची सगळी आचारसंहिता या एका अटीत आली.

अबू दाऊद यांनी हजरत उमर यांच्या वक्फचा दस्तऐवज नोंदवून ठेवला आहे. तो त्यांच्या खिलाफतीत लिहिला गेला. लिहिणारे मुऐकीब, साक्षीदार अब्दुल्लाह बिन अरकम. 'समग' नावाची बाग आणि खैबरमधले शंभर हिस्से त्यात आहेत. देखभालीचा अधिकार कुणाकडे? उमर यांना अब्दुल्लाह यांच्यासारखे कर्ते मुलगे होते. तरी दस्तऐवजात नाव आहे ते मुलीचे, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा यांचे. त्यांच्यानंतर घराण्यातल्या शहाण्या, जाणत्या माणसाकडे हा अधिकार जायचा होता.

कोकणातले आपण बहुतेक शाफई. आपल्या दृष्टीने या हकीकतीत आणखी एक बारकावा आहे. खैबरमधले ते शंभर हिस्से मोजून वेगळे काढलेले नव्हते, सामाईकच होते. इमाम नसाई यांनी अविभक्त जमिनीच्या वक्फच्या प्रकरणात हीच हदीस दिली आहे. म्हणजे सातबाऱ्यावर नावे सत्तावीस असली तरी एखाद्याला आपला अविभक्त हिस्सा वक्फ करायचा झाला तर शरियतची वाट बंद नाही.

बैरुहाची बाग

त्याच काळातल्या दुसऱ्या एका बागेची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचावी. मदिन्यात मस्जिद-ए-नबवीच्या समोर हजरत अबू तल्हा (र.) यांची 'बैरुहा' नावाची बाग होती. तिथले पाणी गोड, प्रेषित (स.) स्वतः तिथे जाऊन पाणी पीत. सर्वांत प्रिय वस्तू खर्च केल्याखेरीज नेकी मिळत नाही, या अर्थाची आले इम्रान सूरेतील आयत उतरली तेव्हा अबू तल्हा यांनी ती बाग अल्लाहच्या नावे देऊन टाकली. प्रेषितांनी (स.) तिची वाखाणणी केली आणि ती नातलगांत द्यावी असे सुचवले. अबू तल्हा यांनी ती आपल्या नातलगांत आणि चुलतभावांत वाटून दिली.

पुढे काय झाले, तेही बुखारी शरीफमध्येच आहे. ज्यांना वाटा मिळाला त्यांत कवी हस्सान बिन साबित (र.) होते. त्यांनी आपला वाटा हजरत मुआविया यांना विकला. अबू तल्हाचा सदका विकता का, असे लोकांनी विचारले, तेव्हा चांगला भाव आला तर का विकू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. बाग होती त्या जागी पुढे मुआविया यांनी बांधलेली हवेली उभी राहिली.

यात कुणाचा दोष काढण्याचे कारण नाही. अबू तल्हा यांचा सदका मोठाच होता आणि हस्सान यांना वाट्याची मालकी मिळालेली होती. मालकाला विकण्याचा हक्क असतोच. फरक देण्याच्या रीतीत आहे. एका बागेची मालकी दिली गेली. ती वाटली गेली, विकली गेली आणि तिच्यावर इमारत झाली. दुसरीचे मूळ रोखून फळ दिले गेले. दोन्ही देणाऱ्यांना सवाब मिळाला असेल. पण जमीन, झाड आणि पाणी पुढच्या पिढ्यांसाठी राखायचे असेल तर रीत उमर यांची घ्यावी लागते. चुलतभावांशी बोलताना मला हीच गोष्ट सांगावीशी वाटते : आपण करतो आहोत ते बैरुहाचे, आणि तेही सदक्याविना!

हिमा : राखलेले रान

जमीन राखण्याची दुसरी एक रीत अरबस्तानात होती, 'हिमा'. इस्लामपूर्व काळात टोळीचा बलदंड सरदार चांगले गवताचे रान आपल्या जनावरांसाठी अडवून ठेवी. इतरांना तिथे मज्जाव. प्रेषितांनी (स.) ही खाजगी मक्तेदारी मोडली. हिमा असेल तर ती अल्लाह आणि त्याच्या रसूलची, म्हणजे सर्वांच्या हिताची, असे ठरवले. मदिन्याजवळचे नकी हे रान त्यांनी मुसलमानांच्या घोड्यांसाठी राखले. मदिना शहराभोवतीच्या हरममध्ये झाड तोडायला आणि शिकार करायला मनाई केली.

हजरत उमर यांनी रबजा येथील रान राखीव केले, आणि हिमेवर देखरेखीसाठी हुनै नावाच्या आपल्या मुक्त केलेल्या सेवकाला नेमताना दिलेली ताकीद बुखारीत आहे. थोडे उंट, थोड्या शेळ्यामेंढ्या असणाऱ्याला आत येऊ दे. पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांचे कळप आत घेऊ नको. कारण त्यांची जनावरे मेली तर त्यांच्याकडे शेती आणि खजुरी आहेत. गरिबाची मेली तर तो बायकापोरांना घेऊन माझ्या दारात येईल. ज्यांची नावे घेतली ते दोघेही थोर सहाबी आणि उमर यांचे साथी. तरी राखलेल्या रानावर पहिला हक्क कुणाचा, याबद्दल खलिफांच्या मनात गोंधळ नव्हता.

अरबस्तानात गावोगावच्या हिमा विसाव्या शतकापर्यंत टिकून होत्या. १९५३ मध्ये सौदी सरकारने चराईची राने सर्वांना खुली केली आणि त्यानंतर पुष्कळ हिमा अतिचराईने उजाड झाल्या. जे सर्वांचे झाले ते राखणाराच कुणी उरला नाही. पण ही कल्पना मेली नाही. लेबनॉनमध्ये निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेने २००४ पासून गावांच्या मदतीने हिमा पुन्हा उभ्या करायला सुरुवात केली; पाणथळ जागा आणि पक्ष्यांच्या वाटा त्यांत राखल्या जातात. आपल्याकडे देवराईत कुणी कोयता चालवत नाही, आणि कोकणातल्या जुन्या कबरस्तानांतले आंबे, जांभळी, सुरंगी अजून उभ्या आहेत. 'हे कुणा एकाचे नाही' हा धाक कुऱ्हाडीपेक्षा मोठा असतो.

पाणचक्की

महाराष्ट्रात वक्फ आणि पाणी यांचे नाते पाहायचे असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) पाणचक्कीला जावे. नक्शबंदी सिलसिल्यातील बाबा शाह मुसाफिर यांचा तिथे तकिया होता. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातला झरा खापरी नळांतून काही किलोमीटर दूर इथवर आणला गेला. ते पाणी उंच भिंतीवरून हौदात पडते. त्याच्या जोरावर जाते फिरे आणि तकियात येणाऱ्या फकिरांसाठी, प्रवाशांसाठी, विद्यार्थ्यांसाठी पीठ दळले जाई. हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचे छत. उन्हाळ्यात तिथे गारवा असतो.

सहलीला आलेली मुले जाते पाहतात, फोटो काढतात. पण या रचनेतली खरी गोष्ट जात्याच्या मागे, डोंगरात आहे. झरा राखला तर पाणी, पाणी आले तर पीठ, पीठ असेल तर लंगर. मूळ राखा, फळ वाटा, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नसेल. आणि योगायोग असा की महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालयही याच आवारात आहे.

लंडनचा निकाल

घराण्यासाठी केलेल्या वक्फला 'वक्फ-अलल-औलाद' म्हणतात. उत्पन्न आधी वंशजांना आणि वंश खुंटला तर गरिबांना. हजरत उमर यांच्या यादीत गरिबांबरोबर नातलगही होते, त्यामुळे मुसलमानांना यात काही वावगे वाटत नव्हते. इंग्रजी न्यायालयांना मात्र वाटले. बंगालमधील दोन भावांनी १८६८ मध्ये असा वक्फ केला होता. अबुल फता खटल्यात १८९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो रद्द ठरवला. गरिबांचा वाटा इतका लांबणीवर टाकलेला आहे की ते दान नावापुरतेच, असे त्यांचे मत पडले. त्याआधी कलकत्ता उच्च न्यायालयात न्या. अमीर अली यांनी परोपरीने सांगितले होते की इस्लाममध्ये आपल्या माणसांना पोसणे हाही सदकाच आहे. पण ते अल्पमतात राहिले.

या निकालाने देशभर घबराट झाली. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेल्या जमिनी वाटण्या, कर्जे आणि लिलाव यांत सापडल्या. मौलाना शिबली नोमानी यांनी उलेमांचे मत एकवटले. मुंबई इलाख्यातून केंद्रीय कायदेमंडळावर गेलेले बॅ. महंमद अली जीना यांनी १९११ मध्ये विधेयक मांडले आणि १९१३ मध्ये मुसलमान वक्फ वैधता कायदा झाला. १९३० च्या कायद्याने तो जुन्या वक्फांनाही लागू झाला.

पण इथे आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. वक्फ-अलल-औलादचा उपयोग सगळ्यांनी जमीन राखण्यासाठीच केला असे नाही. कुणी सावकाराला चुकवण्यासाठी केला, कुणी मुलींचा शरई हिस्सा बुडवण्यासाठी. उमर यांनी मुलीच्या हाती जमीन सोपवली. आपल्यातल्या काहींनी त्यांचेच नाव घेऊन मुलींना जमिनीबाहेर ठेवले. जिथे वक्फ नव्हता तिथे हक्कसोडपत्र होते. आमच्या सातबाऱ्यावर माझ्या दोन फुफींची नावे नाहीत. त्यांनी कधी काळी भावांच्या प्रेमापोटी अंगठे दिले, असे घरात सांगतात. त्यांना कुणी विचारले होते का, हे मात्र कुणी सांगत नाही.

राखणारे आणि खाणारे

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने वक्फचे चित्र आकड्यांत मांडले. देशात ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता, सुमारे सहा लाख एकर जमीन, बाजारभावाने किंमत अंदाजे १.२ लाख कोटी रुपये; आणि वर्षाचे उत्पन्न सुमारे १६३ कोटी. अतिक्रमणे आहेत, सरकारी कार्यालयेही वक्फच्या जागांवर आहेत, हे खरे. पण मातीमोल भाड्याने जागा देणारे मुतवल्ली आपलेच होते, हेही तितकेच खरे. रीतसर खावे पण धन साठवू नये, ही अट कागदावरच राहिली.

कायद्याचे म्हणाल तर १९९५ च्या वक्फ कायद्यात २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने वक्फ मालमत्तेची विक्री, बक्षीस, अदलाबदल आणि गहाण यांना मनाई केली. खैबरच्या तीन अटींतील पहिल्या दोन जवळजवळ शब्दशः भारतीय कायद्यात आल्या. २०२५ च्या दुरुस्तीने बरेच बदल केले. नव्या वक्फसाठी लेखी वक्फनामा सक्तीचा झाला. अतिक्रमणाविरुद्धच्या दाव्यांना मुदतीचा कायदा पुन्हा लागू झाला. म्हणजे झोपून राहणाऱ्याची जमीन जाऊ शकते. पाच वर्षे इस्लामचे आचरण करणाऱ्यालाच वक्फ करता येईल, या अटीला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये अंतरिम स्थगिती दिली. वक्फ-अलल-औलाद करताना स्त्री वारसांचा हक्क डावलता येणार नाही, असेही कायद्यात आले. या दुरुस्तीवर आक्षेप घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते घेतलेही गेले आहेत. पण शेवटच्या तरतुदीसाठी आपल्याला संसदेची वाट पाहावी लागली, याची खंत वाटायला हरकत नसावी. हफ्सांचे नाव आपल्याकडे कधीपासून होते!

आज काय करता येईल

सगळी जमीन वक्फ करावी असे मी म्हणणार नाही. हजरत सअद बिन अबी वक्कास (र.) आजारी असताना आपली बहुतेक संपत्ती दान करायला निघाले. प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबवले, आणि तेही पुष्कळ झाले म्हणाले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावू नये, हा त्यामागचा विचार. मृत्युपत्राने वक्फ करायचा तर मर्यादा तीच. हयातीत, धडधाकट असताना करायचा तर मर्यादा नाही. पण एकदा केला की परत घेता येत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

वक्फ करणाऱ्याने घातलेल्या रास्त अटीला फिक्हमध्ये फार मान आहे. मग त्या अटी आपण का घालू नयेत? वक्फनाम्यात लिहावे : कातळ फोडू नये. झरा सर्वांना खुला राहील, जातधर्म न पाहता. जिवंत झाड तोडू नये. मेले तर त्या जागी दुसरे लावावे. आंब्याच्या आणि नारळाच्या उत्पन्नातून आधी गडगा, झाडे आणि पाणी यांची निगा. मग घराण्यातल्या गरजूंना, त्यात मुलींच्या लेकरांनाही तितकेच. मग गावातल्या मुलामुलींच्या शिक्षणाला. मुतवल्ली स्त्री असू शकते, हे स्पष्ट लिहावे. दरवर्षी हिशेब मोहल्ल्यात वाचून दाखवावा. वक्फ मंडळाकडे नोंदणी करावी आणि सातबाऱ्यावर फेरफार घालून घ्यावा. नाहीतर वीस वर्षांनी पुन्हा दलालाचा फोन येईल.

माणूस गेल्यावर त्याची तीन कामे चालू राहतात, असे हदीसमध्ये आहे : चालता सदका, उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी संतती. राखलेल्या जमिनीत या तिन्हींना जागा आहे.

मी माझ्यापुरता माझा हिस्सा कातळाच्या आणि झऱ्याच्या बाजूला मागितला आहे. तो वक्फ करण्याचा इरादा चुलतभावांना कळवला. दोघे तयार झाले, एकाने विचार करतो म्हटले, बाकीचे अजून गप्प आहेत. मोठ्या फुफी आता ऐंशीच्या पुढे आहेत. मुतवल्ली म्हणून पहिले नाव तुमचे घालू का, असे त्यांना विचारायला गेलो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाणी भरायला येतील त्यांना कोणी अडवायचा नाही, हे आधी लिही. माझं नाव मागाहून."